दोन ते चारचा पहारा

आमच्या फादरबाबांना कुणी त्यांचं म्हणणं मान्य केलेलं आवडायचं नाही. ‘बरोबर आहे तुमचं’ म्हटलं की माणूस हिरमुसायचा. हातातला कप खाली ठेवायचा आणि समोरच्याकडे असा बघायचा, की त्यालाच वाटावं आपलं काही चुकलं. मी त्यांना वर्षानुवर्षं हेच म्हटलं. स्वभावच माझा तसा. रोह्याच्या कंपनीत टाइम ऑफिसात नोकरी केली. शिफ्टचे तक्ते बनवायचे, कोण आला, कोण दांडी मारून बसला ते लिहायचं. वरचा हो म्हणाला की हो, खालचा काही म्हणाला की बघू. अशा माणसाला वाद घालायची सवय लागणार कुठून?

फादरबाबा म्हणजे ख्रिस्ती संन्यासी. आमचं गाव गडबहून आत, हायवे सोडून तीनेक किलोमीटर. गावात चर्च नाही, ख्रिस्ती घर नाही. ‘फादर राहायला येतोय’ अशी बातमी आली तेव्हा गोरा माणूस बघायला मिळणार म्हणून अर्धं गाव एसटीच्या थांब्यावर जमलं होतं. उतरला तो आमच्यासारखाच सावळा, काटकुळा गडी. अंगात मातकट भगवी कफनी, गळ्यात काळ्या दोऱ्यात लाकडी क्रूस, हातात केळ्यांचा फणा. वसईकडचा, केळीच्या वाडीवाल्याचा मुलगा. मराठी तर आमच्या शाळेच्या गुरुजींपेक्षा स्वच्छ. गावाची घोर निराशा झाली.

“ह्यो कसला फादर?” थांब्यावरच कुणीतरी म्हणालं.

सरपंचांनी मुद्द्याचं विचारून घेतलं. “आमाला बाटवाया आला हाव का?”

“नाही. बोलायला आलोय.”

“कशावर?”

“देवावर.”

“मंग लावणी झाल्यावर या,” सरपंच म्हणाले. “आता कोणाला टाइम नाय.”

फादरबाबांना हे उत्तर इतकं आवडलं, की पुढं कुणी पाहुणा आला की ते ही गोष्ट सांगायचे. लावणी व्हायची वाट बघत ते दोन महिने गावात नुसते हिंडले, कुणाला एक शब्द देवाबद्दल बोलले नाहीत.

राहायला त्यांना मिळालं इस्रायल लोकांचं घर. आमच्याकडे शनिवार पाळणारी ही ज्यू मंडळी पिढ्यान्‌पिढ्या होती. मराठी बोलणारी, आमच्यासारखंच बिरडं-भात खाणारी. एकेक करून सगळे इस्रायलला गेले आणि हे शेवटचं घर कुलपात राहिलं. त्याच्या चौकटीवर उजव्या हाताला एक तिरकी खूण होती आणि खिळ्यांची दोन भोकं. तिथं त्यांची देवाच्या वचनाची डबी असायची. जाताना डबी नेली, भोकं राहिली. फादरबाबा आत-बाहेर करताना त्या भोकांना बोटं लावून जायचे. मी एकदा विचारलं, “तुमच्यात पण असतं काय असं?”

“नाही. पण कुणीतरी लावायला हवा ना हात,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “बरोबर आहे.” झालं, हिरमुसले.

त्यांना बरोबर नको होतं, त्यांना बुवा हवे होते. बुवा म्हणजे गावच्या भजनाचे म्होरके. भातशेती, थोडा वाल, दोन म्हशी, आणि आवाज असा की मंडपात माइक नसला तरी चालावं. चाल मात्र स्वतःची. ‘रामकृष्णहरी’ म्हणताना शेवटच्या अक्षराला ते नेमके खाली घसरायचे. पेटीवाल्यानं कितीदा सांगितलं, पण बुवा म्हणायचे, “देवाला ह्याचीच सवय झालीया.”

दर गुरुवारी संध्याकाळी बुवांच्या अंगणात ही बैठक बसायची. बुवांची बायको, आम्ही तिला काकी म्हणायचो, मोड आलेल्या वालांचं पातेलं दोघांच्या मधे ठेवायची. बोलायचं तर बोला, पण बिरड्याचे वाल सोलून द्या, हा तिचा नियम. मग एकेक वाल चिमटीत दाबून सालातून सोडवत हे दोघं देवाला धरून भांडायचे.

“तुझ्यात एकच जनम?” बुवा विचारायचे. ते सगळ्यांनाच तू म्हणत. “मंग तुझा देव लय घाईत हाय.”

यावर फादरबाबा दोन दिवस उत्तर शोधत हिंडले. तिसऱ्या दिवशी भर उन्हात बांधावरून धावत आले आणि म्हणाले, “बुवा, तुमचा देव मात्र सगळं सवडीनं घेतो. म्हणूनच तुमचा फुटलेला बांध तीन वर्षं तसाच आहे.”

बुवा इतके हसले की त्यांना ठसका लागला. दुसऱ्या दिवशी मात्र फावडं घेऊन बांधावर गेले.

फादरबाबांकडे एक वही होती. तिच्यात ते बुवांचे प्रश्न लिहायचे. उत्तर सापडलं की प्रश्नापुढं बारीक फुली मारायचे. मी ती वही पाहिलीय. फुल्या फार थोड्या होत्या. एकदा मुंबईला दोन्ही धर्मांच्या विद्वानांची परिषद होती, तिथं यांना बोलावलं. परत आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. “सगळे एकमेकांशी इतकं गोड बोलले,” म्हणाले, “की कुणी कुणाला काही विचारलंच नाही.” त्यांच्या मठातून वर्षाकाठी पत्र यायचं, एवढ्या काळात तिथं काय काम केलंत ते कळवा. त्यांनी उत्तर लिहिलं, वाल सोलले. वरच्यांना ते पटलं नसावं. त्यांच्या माणसांना वाटायचं हा हिंदू झाला, आमच्यातल्या काहींना वाटायचं हा कधीतरी आपल्याला ख्रिस्ती करणार. मधल्यामधे हा माणूस इस्रायलांच्या घरात एकटा पेज शिजवून खायचा.

नाताळला बुवा न चुकता त्यांच्या घरी जायचे. धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून. फादरबाबा एकटेच पूजा सांगायचे, बुवा शेवटपर्यंत मांडी घालून ऐकायचे. पण ‘आमेन’ म्हणायची वेळ आली की तोंड घट्ट मिटून घ्यायचे. “कान तुझं, तोंड माझं,” म्हणायचे.

उलट बाजूनं तसाच हिशेब माघातल्या सप्ताहाला. सप्ताह म्हणजे सात दिवस देवळात नाम अखंड चालू. दर दोन तासांनी माणसं बदलतात, त्या दोन तासांना पहारा म्हणायचं. एकाच्या गळ्यात वीणा, दोघांच्या हातात टाळ. टाळ खाली ठेवता येतो. वीणा सात दिवस जमिनीला टेकवायची नाही. पुढचा माणूस येऊन, पाया पडून ती स्वतःच्या गळ्यात घेईपर्यंत वीणेकऱ्यानं उभं राहायचं. कंपनीत असतं तसंच, रिलिव्हर आल्याशिवाय मशीन सोडायची नाही. म्हणूनच गावानं पहाऱ्यांची यादी माझ्या गळ्यात मारली. देवळाबाहेरच्या फळ्यावर मी नावं लिहायचो. दुपारी दोन ते चार कुणालाच नको असायचं, ऊन आणि झोप. ते बुवा घ्यायचे.

फादरबाबा सात दिवस मंडपाच्या खांबाला टेकून बसायचे. एका वर्षी त्यांनी मला विचारलं, एखादा पहारा मिळेल का वीणेचा? मी नेहमीप्रमाणं म्हटलं, बघू. बुवांनी ऐकलं आणि तिथल्या तिथं नाही म्हणून सांगितलं.

“वीणा गळ्यात घेतली की नाम घ्यावं लागंल. मनात येशू नि तोंडात हरी, असं नाय चालायचं. तू खोटं बोलणारा मानूस नाय, म्हणून सांगतोय.”

मला वाटलं, फादरबाबांना लागेल. पण त्यांचा चेहरा उजळला. इतक्या गंभीरपणे त्यांना कुणी नाही म्हटलंच नव्हतं. त्यांनी वही काढून ते लिहून घेतलं.

बुवा गेले ते भर पावसाळ्यात, चार दिवसांच्या तापानं. स्मशानात फादरबाबा सगळ्यांच्या मागं उभे होते. लाकडं पेटली तरी ओठ मिटलेलेच. दशक्रिया झाली, तेरावा झाला, आणि पुढच्या गुरुवारी ते नेहमीच्या वेळी अंगणात येऊन बसले. काकीनं वालांचं पातेलं आणून ठेवलं. ते एकटेच सोलत बसले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. मला बघवेना, म्हणून मी जाऊन समोर बसायला लागलो. ते काहीतरी काढायचे. म्हणायचे, “मूर्तीत देव असतो असं बुवा म्हणायचे. मी म्हणायचो, मग फुटल्यावर जातो कुठं?” आणि माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचो, “खरंय तुमचं.” मग आम्ही दोघं वाल सोलायचो. असा माणूस समोर बसण्यापेक्षा कुणी नसलेलं बरं, हे मला कळत होतं. पण दुसरं येतच नव्हतं.

त्या वर्षीच्या सप्ताहाआधी ते माझ्याकडे आले. “बुवांचा पहारा मला द्या,” म्हणाले. “मी वीणा धरीन फक्त. नाम टाळकरी घेतील. त्यांची अट मोडणार नाही.”

मी म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की. पुढच्या वर्षीही तेच म्हटलं. गावात आता पोरांच्या हातात मोबाइल आलेले. पारावर बसणारी दोन तरणी माणसं मला सरळ म्हणाली होती, “फादरच्या हातातून आमी वीना घेनार नाय. उद्या व्हिडिओ फिरला तर तुमी बघा.” मी कशाला बघतोय? दोन वर्षं दोन ते चारला मी माझंच नाव लिहिलं आणि घामाघूम होत उभा राहिलो. ते खांबाला टेकून माझ्याकडे बघत बसायचे.

तिसऱ्या वर्षी ते काठी टेकत आले. गुडघे गेले होते. मठाचं पत्र आलं होतं, त्यांना म्हाताऱ्या फादर लोकांच्या आश्रमात हलवणार होते. “पुढचं वर्ष आता माझ्याकडे नाही,” म्हणाले. एवढंच. मी हो म्हटलं. पण फळ्यावर त्यांचं नाव लिहिलं नाही. दोन ते चारच्या पुढं मी लिहिलं, बुवा, आणि कंसात, बदली. म्हणजे कुणी जाब विचारला तर सांगता येईल, बदलीवर कोण आला ते मला काय ठाऊक. आणि चार ते सहाला नेमकी पारावरच्या त्याच दोघांची नावं होती. वर्षानुवर्षं तो पहारा त्यांच्याच घराकडे. ती मी बदलली नाहीत. बदलली असती तर कारण सांगावं लागलं असतं.

दोनला वीणा त्यांच्या गळ्यात गेली तेव्हा मी हजर होतो. काठी खांबाला लावून ते ताठ उभे राहिले. टाळकऱ्यांनी नाम धरलं, ते नुसती तार छेडत होते, ओठ मिटून. सगळं ठीक चाललंय असं बघून मी जेवायला घरी आलो. जेवलो, आडवा झालो. देवळाचा स्पीकर आमच्या घराच्या अगदी समोर, त्यामुळं मंडपातलं सगळं ऐकू येत होतं.

चार वाजले. सव्वाचार. बायको दारात उभी राहून म्हणाली, “तुमचा फादर अजून उभा हाय वाटतं. बदलायला कोणी आला नाय.”

“येतील.”

“ते दोघं थांब्यावर टपरीवर बसलेत. मी आताच बघून आले.”

“बघतो,” मी म्हटलं आणि बघितलं नाही.

मग टाळ थांबले. नंतर कळलं, एका टाळकऱ्याला म्हशीची धार काढायची होती, दुसऱ्याला थर्ड शिफ्टसाठी झोप काढायची होती. रिलिव्हर येतायतच असं समजून दोघं टाळ ठेवून गेले. मंडपात बाकीचे म्हातारे घोरत होते. स्पीकरवर आता फक्त तार ऐकू येत होती. नाम नव्हतं. सप्ताहात असं कधी झालं नव्हतं. माझी बायको दारात तशीच उभी. शेजारची बाई सूप हातात घेऊन बाहेर आली. नाम तुटलं तर गावाचा सप्ताह मोडला, आणि ते धरायला मंडपात जागा असा तो एकटाच होता.

मला माहीत होतं, तो माणूस खोटं बोलणार नाही. मला हेही माहीत होतं, की आपण उठून तीन मिनिटांत तिथं पोचू शकतो. मी उठलो नाही. खाटेवर बसून तार ऐकत राहिलो.

आणि मग आवाज आला. म्हातारा, फाटका. रामकृष्णहरी. बुवांची चाल. शेवटच्या अक्षराला बुवा घसरायचे तिथंच तो आवाज घसरला, जसाच्या तसा. शेजारच्या बाईनं सूप खाली ठेवलं. “अगो, हे तर बुवाच,” ती म्हणाली. तरी मी बसूनच होतो. लाज वाटत होती, आता तर जास्तच वाटत होती, आणि जितकी वाटत होती तितकं उठवत नव्हतं.

एक तासाच्या वर तो आवाज चालला. मधे बसायचा, खाकरून पुन्हा उठायचा. साडेपाचच्या सुमाराला मी खिडकीतून बघितलं तर काकी देवळाकडे चाललेली. पायात चप्पल नाही, पदर खोचलेला, हाताला वालाची सालं. तेव्हा कुठं मी उठलो आणि तिच्या मागं धावलो.

आमच्या गावात बाई वीणा घेत नाही. कुणी बंदी केलेली नाही, पण घेत नाही. काकी मंडपात शिरली आणि सरळ त्यांच्यासमोर उभी राहिली.

“द्या फादर. किती वेल उभं ऱ्हाल? माज्या मानसाचा पहारा हाय, पुढचा मी करतंय.”

तिनं वीणेला हात जोडले, वाकून त्यांच्या पाया पडली आणि वीणा आपल्या गळ्यात घेतली. नाम तिनं मधूनच उचललं, तुटू दिलं नाही. देणाऱ्यानंही घेणाऱ्याच्या पाया पडायचं असतं. फादरबाबा वाकले, पण गुडघ्यांवर बसले ते त्यांना उठता येईना. मी मागून काखेत हात घालून त्यांना उठवलं. पाय खांबासारखे सुजले होते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

“सहा वाजले का?”

“नाय. साडेपाच.”

“बरं,” म्हणाले.

मला एका शब्दानं रागावले नाहीत. रागावले असते तर मी सुटलो असतो. महिन्याभरात मठाची जीप आली. सामान एका पिशवीत मावलं. निघताना चौकटीवरच्या भोकांना बोटं लावली, काकीनं दिलेली वालाची पुरचुंडी घेतली आणि गेले. गावानं त्यांना पेणपर्यंत पोचवायला जायला हवं होतं. काकी आणि मी, दोघंच गेलो.

त्यांना भेटायला जायला मला दोन वर्षं लागली. तोवर मी रिटायर झालो होतो, आता कारणही नव्हतं. आश्रम वसईकडेच, त्यांच्या जन्मगावाजवळ, पण भाऊबंदांपैकी भेटायला येणारं कुणी उरलं नव्हतं. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. अंगानं अर्धे झालेले. मला ओळखलं. काकी कशी आहे, विचारलं. ती दर सप्ताहाला दोन ते चार उभी राहते, असं सांगितल्यावर मान हलवली.

“इथं बरं आहे ना?” मी विचारलं.

“बरं आहे. सगळे फार चांगले आहेत. मी काहीही म्हटलं तरी हो म्हणतात.”

वही मांडीवर होती. बुवा गेले तिथंच संपलेली, पुढची पानं कोरी. मी पिशवीतून मोड आलेले वाल काढले. बायकोनं मुद्दाम भिजवून दिले होते. आतून एक पातेलं मागून आणलं आणि आम्ही सोलायला घेतले. एकेका वालाला त्यांना वेळ लागत होता, पण साल सुटत होतं. पातेल्याचा तळ झाकल्यावर मी म्हटलं, “त्या दिवशी मी घरात बसून ऐकत होतो. चार वाजल्यापासून.”

“माहीत आहे. स्पीकर तुमच्याच घरासमोर आहे.”

मी मान खाली घातली. आणि मग, कसा कोण जाणे, मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना प्रश्न विचारला. बुवांनी विचारला असता तोच.

“नाम घेताना मनात कोण होतं तुमच्या?”

त्यांचे हात थांबले.

“बुवा,” ते आवारातल्या केळीकडे बघत म्हणाले. “तीच तर अडचण झाली. ना तुमचा देव, ना माझा. तासाच्या वर नुसते बुवा होते. असं चालतं का हो? त्यांना विचारलं असतं. दुसऱ्या कुणाला विचारू?”

त्यांचे डोळे भरले होते. मला मनातून वाटत होतं, चालतं. चालायलाच पाहिजे. तोंडापर्यंत आलं होतं, बरोबर केलंत तुम्ही. मी ते गिळलं, हातातला वाल पातेल्यात टाकला आणि म्हटलं, “माझ्या मते नाय चालत.”

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. खुर्चीचे हात धरून, खुर्चीसकट, वीतभर पुढं सरकले.

“का नाही चालत?” म्हणाले, आणि वही उघडली.